रस्ता, गाव आणि वही : शिरढोण परिसराची दोनशे वर्षे

पनवेल सोडून गोव्याच्या महामार्गाला लागले आणि पळस्पे फाटा मागे टाकला की थोड्याच अंतरावर शिरढोण हे गाव लागते. समोर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा उभा सुळका दिसू लागलेला असतो. येणाऱ्याजाणाऱ्याची दृष्टी त्या सुळक्यावर खिळते आणि गाव कधी मागे पडले हे ध्यानातही येत नाही. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव म्हणून शिरढोणचे नाव शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. परंतु ज्या गावाने असा पुरुष दिला ते गाव तेव्हा कसे होते, पुढे कसे बदलत गेले आणि आज कोणत्या वळणावर उभे आहे, याचा विचार क्वचितच होतो.

गाव बदलले असे म्हणताना सहसा वरवरच्या खुणा मोजल्या जातात. कौलारू घराच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला, विहिरीच्या जागी नळ आला, बैलगाडीच्या जागी टेंपो आला. या खुणा खऱ्याच आहेत. पण गावाचा स्वभाव दोन गोष्टींवर ठरतो. गावावरून कोणता रस्ता जातो ही पहिली, आणि गावातील माणसे एकमेकांशी कसा व्यवहार ठेवतात ही दुसरी. पहिली गोष्ट गावकऱ्यांच्या हाती फारशी कधीच नसते. दुसरी मात्र असते. शिरढोण, पळस्पे आणि पनवेल या पट्ट्याचा दोन शतकांचा इतिहास पाहिला तर हे दोन्ही धागे स्पष्ट दिसतात.

किल्ल्याच्या पायथ्याचे गाव

पूर्वी या परिसराचे महत्त्व किल्ल्यामुळे होते. कोकणातील बंदरे आणि बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटा यांच्यावर कर्नाळ्यावरून नजर ठेवता येत असे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये, कर्नल प्रॉथर याच्या इंग्रज फौजेने तो जिंकला. वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव फडके हे त्या वेळी कर्नाळ्याचे किल्लेदार होते.

किल्ला पडला आणि पायथ्याच्या गावांचे जुने प्रयोजन संपले. गडावरची शिबंदी गेली. तिच्यासाठी लागणारे धान्य, सरपण, गवत आणि कापड यांची मागणी गेली. उरली ती भातशेती आणि डोंगर. खाली शेतकरी भात पिकवीत होते. डोंगराच्या कुशीत कातकरी आणि ठाकूर वाड्यांमधून राहत होते व लाकूडफाटा, कोळसा, रानमेवा घेऊन बाजाराला उतरत होते. गढीपेक्षा आता बाजार महत्त्वाचा ठरू लागला होता, आणि तो बाजार पनवेलला होता.

बंदर आणि गाड्यांचा रस्ता

१८३० मध्ये बोरघाटातून चाकांच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला आणि पनवेलचे नशीब उघडले. त्याआधी देशावरचा माल बैलांच्या पाठीवर लादून घाट उतरावा लागे. आता गाड्यांच्या रांगाच्या रांगा खाली येऊ लागल्या. कापूस, गूळ, धान्य पनवेलच्या खाडीत उतरवायचे, तेथून गलबतात भरून मुंबईला पाठवायचे, आणि परतीच्या गाडीत मीठ, नारळ, तांदूळ व मुंबईचे कापड न्यायचे, असा हा व्यापार होता. गाडीच्या चाकांसाठी पनवेलची ख्याती झाली. घाट चढणाऱ्या गाडीवानांना पनवेलची चाके हवी असत, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्येही सापडते. २५ ऑगस्ट १८५२ रोजी पनवेलला नगरपालिका स्थापन झाली. राज्यातील अगदी पहिल्या नगरपालिकांमध्ये तिची गणना होते, यावरून त्या बाजारपेठेचा दबदबा कळतो.

बाजारपेठ वाढली तशी दूरदूरची व्यापारी कुटुंबे कोकणात येऊन स्थिरावली. गुजरात, कच्छ आणि मारवाड येथून आलेल्या जैन कुटुंबांनी कोकणातील गावोगावी किराणा, कापड, भांडी आणि धान्य यांची दुकाने थाटली. भातशेतीच्या मुलखात रोखीचा व्यवहार थोडा आणि उधारीचा अधिक असे. आषाढात पेरणीच्या दिवसांत कुणब्याच्या घरी धान्य सरत आलेले असे. तेव्हा बियाणे, मीठमिरची, धोतर-लुगडे दुकानातून उधार न्यायचे आणि दिवाळीच्या सुमारास भात झोडून झाले की त्याचे माप घालून खाते फेडायचे, हा क्रम होता. घरात लग्न निघाले की कापडाचा खर्च पुढच्या हंगामावर लिहिला जाई. दुकानदाराला प्रत्येक घराची शेती किती, बैल किती, मुली किती, हे ठाऊक असे. गावाला दुकानदाराचा शब्द ठाऊक असे. सगळा व्यवहार एका लाल कापडी वहीत सामावलेला असे.

या वहीमुळे परमुलखातून आलेले कुटुंब एका-दोन पिढ्यांत गावचे होऊन गेले. आणि या वहीमुळेच ते कधी कधी गावाला नकोसेही झाले. इतिहासाच्या या दोन्ही बाजू प्रामाणिकपणे पाहणे आवश्यक आहे.

रेल्वे दुसऱ्या वाटेने गेली

४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंतांचा जन्म शिरढोणला झाला तेव्हा पनवेलची गाडीवाट भरात होती. ते आठ वर्षांचे होण्यापूर्वीच, एप्रिल १८५३ मध्ये, मुंबई ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. पुढे लोहमार्ग कल्याण, कर्जत असा गेला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग पूर्ण होऊन मुंबई-पुणे थेट जोडले गेले. पनवेल या मार्गावर नव्हते.

ज्या मालासाठी पनवेलला गाड्यांची रीघ लागे तो माल आता घाटमाथ्यावरून थेट आगगाडीने मुंबईला जाऊ लागला. बाजार एका दिवसात ओस पडला नाही. तांदूळ, मीठ आणि आसपासच्या गावांची गरज यांवर तो टिकून राहिला. पण घाटावरच्या मोठ्या व्यापाराचा प्रवाह दुसरीकडे वळला. गाडीवानांचे मुक्काम घटले आणि त्या मुक्कामांवर पोट असलेल्या वाटेवरच्या वस्त्यांची मिळकतही आटली. शिरढोणसारख्या गावातील शिकलेले तरुण नोकरीसाठी बाहेर पडू लागले. वासुदेव बळवंत स्वतः कल्याण, मुंबई, पुणे असे शिक्षणासाठी हिंडले, आरंभी काही काळ जी. आय. पी. रेल्वेच्या कचेरीत होते आणि पुढे पुण्यास लष्करी हिशेब खात्यात नोकरीस लागले. आईच्या अखेरच्या आजारात त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही आणि शेवटची भेट हुकली. नोकरीसाठी गाव सोडलेल्या माणसाच्या वाट्याला येणारे हे दुःख पुढच्या अनेक पिढ्यांनी भोगले. पुण्यात त्यांनी वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह जी शाळा उभी केली, तिच्यातूनच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी नावारूपाला आली.

वहीचा दुसरा हिशेब

१८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दंगे झाले. त्यांची ठिणगी १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी पडली. जमावाने मारवाडी व गुजराती सावकारांची दुकाने फोडली. दंगेखोरांचा मुख्य डोळा पैशावर नव्हता; कर्जरोखे आणि खाती हस्तगत करून जाळणे हा त्यांचा हेतू होता, असे सरकारी चौकशीतही आढळून आले. जीवितहानीचे प्रमाण फारच थोडे होते. माणसांपेक्षा कागदांवर हा राग होता, ही गोष्ट व्यापारी समाजाने विसरण्याजोगी नाही. कारणे अनेक होती. सरकारचा वाढलेला सारा, अमेरिकन यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेला कापसाचा भाव, आणि अक्षरशत्रू कुळाला न समजणारे रोखे ज्यांच्या आधारे जप्ती करता येई अशी कोर्टकचेरी. पण वही कोणाच्या हातात होती, या प्रश्नाचे उत्तर टाळता येत नाही.

त्यानंतर लगेच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला. वासुदेव बळवंतांनी दुष्काळी भागात हिंडून लोकांचे हाल पाहिले आणि परकी सत्ता उलथून टाकण्याचा निश्चय केला. रामोशी, कोळी आदी साथीदारांना घेऊन १८७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी बंड उभारले. शस्त्रे आणि शिपाई यांसाठी पैसा हवा होता. तो धनिकांवर छापे घालून मिळवावा लागला. पहिला छापा धामारी या गावी एका मारवाडी व्यापाऱ्याच्या घरावर पडला. आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी घाट उतरून पनवेलजवळच्या पळस्पे व चिखली या गावांवर छापे घातले. सुमारे दीड लाख रुपयांची लूट त्यांच्या हाती लागली. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि दौलतराव गोळीने मारले गेले. वासुदेव बळवंत जुलै १८७९ मध्ये देवर नावडगी येथे पकडले गेले. जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांना एडनला पाठविण्यात आले आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला.

पळस्पे शिरढोणपासून हाकेच्या अंतरावर आहे. ज्या मातीत देशभक्त जन्मला त्याच मातीतील दुकाने त्याच्या सैन्याने लुटली, हा योगायोग विचार करायला लावतो. त्या लुटीत निरपराध माणसेही भरडली गेली असतील. तरीही आज पनवेलमधील कोणताही व्यापारी वासुदेव बळवंतांच्या प्रतिमेपुढे आदराने हात जोडतो, कारण त्यांचा लढा देशासाठी होता हे काळाने सिद्ध केले आहे.

१८७९ मध्येच सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्ज फेडले की पावती द्यावी, मागणी केल्यास हिशेबाचा उतारा द्यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. म्हणजे जे सचोटीच्या दुकानदाराने आपण होऊन करावयास हवे होते, ते कायद्याने सांगावे लागले. जैन श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमीअधिक माप घालणे आणि भेसळ करणे यांची गणना शास्त्रकारांनी शतकानुशतके आधीच करून ठेवली आहे. शास्त्र आणि व्यवहार यांत अंतर पडले की त्याची किंमत केवळ एक दुकानदार मोजत नाही, सगळा समाज मोजतो.

१ एप्रिल १९५७

विसाव्या शतकात बदलाची गती वाढली. पनवेल तालुका १८८३ मध्ये ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात आला होता. कर्नाळ्याच्या डोंगरापलीकडे चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला, गोळीबारात गावकरी हुतात्मे झाले आणि सारा परिसर हादरला. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. आणि मग एक तारीख अशी आली की जिने शेतकरी आणि दुकानदार या दोघांची वही एकाच वेळी बदलली.

१ एप्रिल १९५७ हा कुळकायद्यातील कृषिदिन. त्या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. नेमक्या त्याच दिवशी देशात दशमान नाणी सुरू झाली. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे आणि तीन आणे म्हणजे एकोणीस, असे कोष्टक दुकानाच्या भिंतीवर लावून गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागे. पुढील काही वर्षांत वार जाऊन मीटर आला, शेर-मण जाऊन किलो आला. ज्या म्हाताऱ्या माणसाने आयुष्यभर वारावर धोतर घेतले त्याला मीटरचा भाव महाग वाटणे स्वाभाविक होते. मीटर वारापेक्षा सुमारे साडेतीन इंचांनी मोठा, हे त्याला कोणी तरी पटवून द्यायला हवे होते. त्या काळात दुकानदार सचोटीचा असेल तर तो गावचा शिक्षकच ठरे. आणि कूळ मालक झाल्यामुळे वहीतला शेतकरीही बदलला. पूर्वी तो खोताच्या जमिनीवरचे पीक तारण म्हणून सांगे, आता स्वतःच्या सातबाऱ्याच्या बळावर ताठ मानेने बोलू लागला.

महामार्ग, कारखाने आणि नवे शहर

यानंतर पनवेलकडे रस्ते परत आले, आणि असे आले की थांबलेच नाहीत. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा कारखाना रसायनीला उभा राहिला. भातशेतीतील तरुण पाळीवर जाऊ लागले आणि महिन्याच्या पगाराने दिवाळीच्या भाताची जागा घेतली. त्याच काळात, १९६१ मध्ये, युसुफ मेहेरअली सेंटरची स्थापना झाली आणि कर्नाळ्यापलीकडे तारा गावी आरोग्य व ग्रामोद्योगाचे काम सुरू झाले. १९६८ मध्ये कर्नाळा पक्षी अभयारण्य झाले. निदान तो डोंगर तरी वाचला.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण येथील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेण्याचे ठरले. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि ठाण्याचा वळसा संपला. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मे झाले. त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे मान्य झाले. १९८९ मध्ये न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. ज्या पनवेलने गलबतांचे बंदर गमावले होते त्याच्या शेजारी आता कंटेनरचे बंदर आले आणि पळस्पे परिसरात गोदामे उभी राहिली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे आणि हार्बर मार्ग ही दोन्ही दारे पनवेलला उघडली. मात्र पेणकडे जाणारी गाडी सोमाटणे, रसायनी, आपटा या मार्गाने जाते. शिरढोणला रेल्वेने दुसऱ्यांदा बाजूला ठेवले.

पुढील घटना ताज्या आहेत. २०११ पासून पळस्पे ते इंदापूर महामार्गाचे रुंदीकरण सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. २०१३ मध्ये विमानतळ प्रभावित क्षेत्र, म्हणजे नैना, अधिसूचित झाले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०१७ मध्ये रसायनीच्या त्या कारखान्याचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने घेतला. ज्या पगारावर एक पिढी उभी राहिली तो झराही आटला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

या साऱ्या काळात तालुक्यातील जमिनीचे मोल पिकावर ठरेनासे झाले. ती रस्त्यापासून किती फुटांवर आहे यावर ठरू लागले. विकलेल्या जमिनीच्या पैशातून कुठे शिक्षण झाले, कुठे घर झाले, आणि कुठे तो पैसा दोन वर्षांत संपून हातात ना शेत ना धंदा असे झाले. गावांत भाडेकरू आले, त्यांची नावे शेजाऱ्यांना ठाऊक नाहीत. तयार कपड्यांनी ताग्याची जागा घेतली, मोठ्या दालनांनी पेढीची आणि मोबाईलने रोखीची. उधारी जवळजवळ संपली. त्यात जाच संपला हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर घरोघरची ओळखही संपत चालली आहे.

माळ्यावरच्या वह्या

शिरढोणला फडक्यांचा वाडा आणि स्मारक आहे. दर १७ फेब्रुवारीला तेथे माणसे जमतात. एका पुरुषाची स्मृती अशी जपली गेली. पण ज्या सामान्य माणसांनी या परिसराची दोनशे वर्षे घडविली त्यांची स्मृती कोठे आहे? ती बऱ्याच अंशी जुन्या वह्यांत आहे. कोणत्या गावी कोणते कापड खपे, दुष्काळात कोणी किती धान्य उधार नेले, मजुरी किती होती, कोणाचे खाते माफ झाले आणि कोणाचे शेत लिहून घेतले, हे सारे त्या पानांवर आहे. सरकारी गॅझेटियरमध्ये ते सापडत नाही.

दरवर्षी दिवाळीच्या सफाईत अशा वह्या माळ्यावरून खाली येतात आणि रद्दीत जातात. मोडी किंवा महाजनी अक्षर घरात कोणाला वाचता येत नाही, म्हणून त्या निरुपयोगी ठरतात. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने आणि तिच्या सभासद कुटुंबांनी या वह्या एकत्र आणून जपल्या, जाणकारांकडून वाचून घेतल्या, तर ती या परिसराची मोठी सेवा ठरेल. त्यांतील काही पाने अभिमान वाटावा अशी असतील, काही पाने मान खाली घालायला लावतील. दोन्ही जपली पाहिजेत. पर्युषणात क्षमा मागणाऱ्या समाजाला आपल्या पूर्वजांच्या चुका वाचण्याचे भय वाटू नये.

रस्ता पुन्हा बदलेल. गाडीवाट गेली, आगगाडी बाजूने गेली, महामार्ग आला, आता डोक्यावरून विमाने जाऊ लागली आहेत. यांपैकी कोणताही निर्णय शिरढोणने घेतला नव्हता आणि पुढचाही बहुधा घेणार नाही. पण नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्याचे नाव विचारणे, माप पुरे घालणे, जमीन विकायला निघालेल्या ओळखीच्या माणसाला खरा सल्ला देणे, हे आजही गावाच्याच हाती आहे. दोनशे वर्षांपूर्वी परमुलखातून आलेल्या कुटुंबांना या मातीने जागा दिली, ती याच बळावर. आता बाहेरून येणाऱ्यांना तशीच जागा देण्याची पाळी त्यांच्या वंशजांवर आली आहे.